परीक्षण लिहिताय की फिर्याद?

ताई, नमस्कार.

मी सांगलीचा. वीज मंडळातून निवृत्त झालो आणि इथल्या एका साप्ताहिकात दर पंधरवड्याला चित्रपट परीक्षण लिहू लागलो. मसालापटांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी छोटे, स्वतंत्र आणि परदेशी सिनेमे घेतो. त्यातही नातेसंबंध, म्हातारपण, घटस्फोट, देश सोडून जाणं असे विषय. मध्यंतरी जपानी दिग्दर्शक ओझूंच्या 'टोकियो स्टोरी'वर लिहिलं. 'पंख फुटले, घरटं विसरले' असं शीर्षक देऊन आई-वडिलांना ओझं समजणाऱ्या मुलांची कथा मांडली आणि कौतुकानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मुलगा-सून नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला असतात. मुलाचा फोन आला, "बाबा, हे सिनेमाबद्दल आहे की माझ्याबद्दल?" सून काही बोलली नाही, ग्रुपमधून बाहेर पडली. सौ. म्हणते लिहिणं बंद करा. संपादक म्हणतात, परीक्षण कमी आणि मनोगत जास्त झालंय.

म्हणून पुढचं, 'अ सेपरेशन' या इराणी सिनेमावरचं, अगदी तटस्थ लिहिलं. कॅमेरा, प्रकाशयोजना, संकलन, पुरस्कार. त्यावर मित्र म्हणाला, "अरे, हे मीटर रीडिंग वाटतंय!"

परीक्षणात स्वतःला आणायचं की नाही? गोष्ट किती सांगायची? जपानी नि फारसी येत नसताना या सिनेमांवर लिहायचा मला अधिकार आहे का? शेवटची अडचण: ओळखीतल्या एका मुलानं पदरचे पैसे घालून मराठी सिनेमा केलाय आणि माझ्या परीक्षणाची वाट बघतोय. सिनेमा जमलेला नाही. काय करू?

– एक निवृत्त प्रेक्षक, सांगली

सप्रेम नमस्कार.

दोन्ही परीक्षणांची कात्रणं जोडलीत हे बरं केलंत, नाहीतर मला तुमच्या संपादकांच्या आणि मित्राच्या शब्दावर विसंबावं लागलं असतं. दोघांनाही जे खटकलं ते बरोबर खटकलं. संपादकांनी दिलेलं कारण मात्र मला पटत नाही. 'टोकियो स्टोरी'चं परीक्षण तुम्ही त्यात आलात म्हणून बिघडलेलं नाही. तुम्ही आलात आणि तुम्हाला ऐसपैस बसता यावं म्हणून निम्मा सिनेमा बाहेर काढलात, म्हणून बिघडलंय.

तुमच्या लेखात काय काय आहे ते आधी पाहू. ब्यूटी पार्लर चालवणारी मुलगी शिगे गावाहून टोकियोला भेटायला आलेल्या आई-वडिलांची ओळख गिऱ्हाइकाला 'गावाकडचे ओळखीचे' अशी करून देते, ते आहे. नवऱ्यानं सासू-सासऱ्यांसाठी महागातला खाऊ आणला म्हणून ती त्याला बोलते, ते आहे. भावंडं वर्गणी काढून म्हाताऱ्यांना अतामीच्या हॉटेलात धाडतात आणि तिथं रात्रभर गाण्यांचा नि माहजोंगचा गोंगाट चालतो, ते आहे. आई गेल्यावर शिगे लगेच तिचे कपडे आठवण म्हणून मागते, ते तर तुम्ही दोनदा लिहिलंय. यातलं काहीही तुम्ही रचलेलं नाही. सगळं पडद्यावर आहे.

आता काय नाही ते सांगते. थोरला कोइची डॉक्टर आहे, पण वस्तीतला साधा डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी तो आई-वडिलांना शहर दाखवायला नेणार असतो, नातवंडं कपडे घालून तयार असतात, आणि ऐन वेळी त्याला एका आजारी मुलाकडे जावं लागतं. बेत फसतो. त्या बापानं त्या क्षणी काय करायला हवं होतं? हा प्रश्न तुमच्या परीक्षणात कुठेच नाही, कारण ते दृश्यच नाही. मग शिगे. म्हातारे वडील शुकिची एका रात्री जुन्या दोस्तांबरोबर झिंगून येतात, पोलीस त्यांना दारात आणून सोडतो, आणि शिगे वैतागते. तिच्या वैतागण्यातून कळतं की वडील पूर्वी असेच पिऊन घरी यायचे आणि आईला ते सोसावं लागायचं. एवढं कळल्यावर शिगे तीच राहते का? मला तरी राहत नाही. तिचा हिशेबीपणा कुठून आला असेल याचा एक धागा हातात येतो. परतीच्या वाटेवर ओसाकाला आणखी एका मुलाकडे थांबलेले असताना ते दोघं म्हातारे आपसात बोलतात, की आपली मुलं चारचौघांपेक्षा बरीच म्हणायची, आपण नशीबवान. हे बोलताना त्यांना खरंच तसं वाटतंय की ते एकमेकांना समजावताहेत, हे ओझू सांगत नाही. आणि आई गेल्यावर धाकटी क्योको भावंडांवर चिडते, तेव्हा विधवा सून नोरिको, जिच्या चांगुलपणाचे तुम्ही गोडवे गायलेत, तीच मुलांची बाजू घेते. मुलं मोठी झाली की त्यांचं स्वतःचं आयुष्य होतं, ती दूर जातातच, असं ती सांगते.

म्हणजे तुमच्या परीक्षणात फिर्यादीचे सगळे साक्षीदार हजर आहेत आणि बचावाचा एकही नाही. 'बागबान' बघताना हे चालून जातं, कारण 2003च्या त्या सिनेमानं स्वतःच बचावाचे साक्षीदार बोलावलेले नाहीत. तिथं मुलं वाईट आहेत हे ठरवूनच खेळ सुरू होतो, आपण डोळे पुसतो आणि घरी येतो. ओझूंनी 1953 साली तो सोपा रस्ता नाकारला. म्हणून तर 2012 साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकानं जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला तेव्हा हा सिनेमा पहिला आला. सिनेमा करणाऱ्या माणसांना असं काहीतरी त्यात दिसलं की जे 'मुलं कृतघ्न' एवढ्यानं संपत नाही.

आणि तुम्ही सगळ्यात मोठा साक्षीदार गाळलात: सुरुवातीचं ते उशीचं दृश्य. ओनोमिचीला, म्हाताऱ्यांच्या गावच्या घरात, प्रवासाची बांधाबांध चालली आहे. शुकिचींना त्यांची बायको तोमी विचारतात, ती हवेची उशी तुमच्याकडे आहे का. शुकिची म्हणतात, तुझ्याकडेच दिली. तोमी म्हणतात, माझ्याकडे नाही. दोघं शोधतात, आणि थोड्या वेळानं उशी शुकिचींच्याच सामानात सापडते. "अरे, सापडली." एवढंच. कुणी हसत नाही, कुणी माफी मागत नाही, बायको टोमणा मारत नाही. आपल्याकडे हे दृश्य रोज घरोघरी घडतं, फक्त उशीच्या जागी चष्मा असतो. पण कुठल्या सिनेमात हे पहिल्या काही मिनिटांत येतं? ओझू मुलांचं वागणं दाखवायच्या आधी नवऱ्याचं वागणं दाखवतात. आणि अगदी शेवटी हेच शुकिची शेजारणीला म्हणतात, असं होणार हे ठाऊक असतं तर ती होती तोवर तिच्याशी जास्त चांगला वागलो असतो. या सिनेमात कुणी कुणावर मोठा ठपका ठेवला असेल तर तो बापानं स्वतःवर ठेवलाय. निवृत्त नवऱ्यानं लिहिलेल्या परीक्षणातून नेमकं हेच वाक्य गळावं, याची मला गंमत वाटली. रागावू नका.

तर, स्वतःला आणायचं की नाही? आणायचं. नातेसंबंधांवरच्या सिनेमावर लिहिताना स्वतःला घराबाहेर ठेवून येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि भेटला तर त्याचं परीक्षण मी वाचणार नाही. मात्र आपलं आयुष्य आपली नजर कुठे थबकते ते ठरवतं, एवढंच त्याचं काम. नजर थबकली तिथं पडद्यावर काय होतं ते मग तपशिलानं सांगायचं. उदाहरण तुमच्याच सिनेमातलं घ्या. टोकियोच्या स्टेशनवर मुलं आई-वडिलांना निरोप द्यायला आली आहेत. तोमी सहज बोलल्यासारखं म्हणतात, आता सगळ्यांची भेट झाली, आम्हाला काही झालं तरी तुम्ही यायलाच हवं असं नाही. बाकीच्या गप्पांमध्ये हे वाक्य वाहून जातं. कॅमेरा त्यासाठी जवळ जात नाही, संगीत वर चढत नाही. ज्याचा मुलगा आइंडहोवनला आहे असा माणूस इथे अडखळणारच. मग लिहा: 'माझा मुलगा परदेशी असतो. या वाक्याला मी थांबलो. पण दिग्दर्शक थांबला नाही.' तीन छोटी वाक्यं. वाचकाला तुम्ही कुठे बसून सिनेमा बघताय ते कळलं, तुमचा कल त्याला माहीत झाला, आणि शिवाय ओझूंची पद्धतही कळली. मोठ्या घटनेला ते असंच बगल देतात. तोमींना आगगाडीत बरं वाटेनासं झालं हे आपण बघतच नाही, नंतर ओसाकाच्या मुलाच्या बोलण्यातून ऐकतो. हे तुम्ही टिपलंत की 'मनोगत' आणि 'परीक्षण' असे दोन कप्पे उरत नाहीत.

एक सवय लावून घ्या. सिनेमा बघताना वहीत 'हृदयस्पर्शी', 'अस्वस्थ करणारं' असं काही टिपू नका. डोळ्यांत पाणी आलं तर त्या वेळी कोण कुठे बसलं होतं, हातात काय होतं, कोण कोणाकडे बघत नव्हतं, ते टिपा. भावना घरी आल्यावर आठवतेच, तपशील आठवत नाही. आणि ज्या पात्राचा सगळ्यात जास्त राग आला त्याच्यासाठी सिनेमा पुन्हा एकदा बघा, निदान त्याची दृश्यं तरी. ओटीटीमुळे हे आता सहज होतं. पूर्वी फिल्म सोसायटीत एकच खेळ असायचा, तेव्हा रीळ उलटं फिरवा असं ऑपरेटरला कोण सांगणार!

आता 'अ सेपरेशन'. तुमच्या मित्राची जीभ तिखट आहे, पण कान चांगला आहे. तुम्ही लिहिलंय: 'छायाचित्रण परिणामकारक असून संकलनाने गती राखली आहे.' हे वाक्य उचलून तुमच्या पुढच्या परीक्षणात ठेवा. बसतं ना? मागच्याही बसेल. जे वाक्य कुठल्याही सिनेमाला चालतं ते कुठल्याच सिनेमाबद्दल नसतं. कात्री लावा. 2011चं बर्लिन महोत्सवाचं गोल्डन बेअर पारितोषिक आणि पुढच्या वर्षीचं ऑस्कर यांना तुम्ही अख्खा परिच्छेद दिलाय. अर्धं वाक्य पुरे. ज्युरीला काय वाटलं ते ज्युरीनं सांगून झालंय.

गंमत म्हणजे याच सिनेमात तंत्र आणि माणसं वेगळी काढताच येत नाहीत. पहिलंच दृश्य बघा. सिमीन आणि नादेर शेजारी शेजारी बसून थेट कॅमेऱ्याकडे बघत बोलताहेत. सिमीनला मुलीला घेऊन इराण सोडायचंय, नादेरला वडिलांना सोडून जायचं नाही. वडिलांना अल्झायमर आहे. तू त्यांचा मुलगा आहेस हे तरी त्यांना कळतं का, असं ती विचारते. ते माझे वडील आहेत हे मला कळतं, असं तो म्हणतो. प्रश्न विचारणाऱ्या न्यायाधीशाचा फक्त आवाज येतो, तो दिसत नाही. कारण कॅमेरा त्याच्या खुर्चीत आहे, म्हणजे त्या खुर्चीत आपण आहोत. दिग्दर्शक असगर फरहादी आपल्याला पहिल्या मिनिटाला न्यायाधीश करतात आणि पुढचे दोन तास आपल्याला निकाल देता येऊ नये अशी तजवीज करतात. घरकामाला आलेली राझिये आठवते? म्हाताऱ्यांनी कपडे खराब केलेत, घरात दुसरं कुणी नाही, परक्या पुरुषाला स्वच्छ करणं पाप ठरेल का हे विचारायला ती धर्माचा सल्ला देणाऱ्या फोनवर फोन लावते. शेजारी तिची छोटी मुलगी उभी आहे, ती म्हणते, मी बाबांना सांगणार नाही. या एका दृश्यात वर्ग आहे, धर्म आहे, नवऱ्याची भीती आहे, आणि एका म्हाताऱ्या माणसाची लाज आहे. तुमच्या आठशे शब्दांत राझियेचं नाव एकदा येतं, तेही कलाकारांच्या यादीत.

इथं तुम्ही काय लिहू शकला असता? 'मी पहिल्या अर्ध्या तासात नादेरच्या बाजूचा होतो.' मग: कुठल्या दृश्यात हललो. माझ्या मते परीक्षणाचा जीव याच्यात आहे. पात्रांपैकी कोण बरोबर यावर वाचकाला तुमचा निकाल नकोय, तो प्रत्येक जण आपापला घरी देतो, जेवणाच्या टेबलावर भांडून. सिनेमानं तुम्हाला कुठून कुठे आणि कशानं हलवलं, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. आणि ते सांगायचं तर कॅमेरा कुठे ठेवला होता हे सांगावंच लागतं. शेवटी तेरमे, त्यांची मुलगी, आई की बाबा हे सांगायला आत थांबते आणि आई-बाप बाहेर, काचेच्या दाराच्या अलीकडे-पलीकडे. ती काय म्हणाली ते मी सांगत नाही. तुम्ही पाहिलाय, तुम्हाला ठाऊक आहे मी का सांगत नाही.

यावरून गोष्ट किती सांगायची हा तुमचा प्रश्न. मी हातचं राखूनच सांगते. अँड्र्यू हेग यांचा '45 इयर्स' घ्या, 2015चा. इंग्लंडमधलं एक म्हातारं जोडपं, लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाची मेजवानी शनिवारी, आणि त्या आठवड्याच्या सुरुवातीला नवऱ्याला पत्र येतं: तरुणपणी स्विस डोंगरात अपघातात गेलेल्या त्याच्या मैत्रिणीचं शरीर बर्फात तसंच्या तसं दिसलंय. एवढं सांगायला हरकत नाही, पत्र पहिल्या काही मिनिटांत येतं. ज्या धक्क्यानं सिनेमा चालू होतो तो सांगावा, ज्या धक्क्यापाशी तो नेतो तो सांगू नये. पुढे बायको, केट, माळ्यावर जाऊन जुन्या स्लाइड्स प्रोजेक्टरवर लावते. टांगलेल्या पडद्यावर चित्रं पडताहेत आणि केट झालेल्या शार्लट रॅम्पलिंगचा चेहराही त्याच चौकटीत आहे, प्रोजेक्टरची खट्‌खट्‌ तेवढी ऐकू येते. काय दिसतं ते मी लिहिणार नाही. पण ती एका स्लाइडवरून पुढे जाते, पुन्हा मागे येते, हे लिहीन. वाचकाला तिथं नेऊन उभं करता येतं आणि तरी त्याचा घास काढून घ्यावा लागत नाही. ('टोकियो स्टोरी'चा शेवट मी वर खुशाल सांगितला. सत्तर वर्षं झाली, आणि ओझूंच्या सिनेमात काय होतं यापेक्षा कसं होतं याचंच सगळं आहे. तरी ज्यांनी पाहिला नसेल त्यांची क्षमा मागते.)

भाषेबद्दल फार कुढू नका. सबटायटल्सवर बघितलं असेल तर संवादांच्या सौंदर्यावर दोन परिच्छेद झाडू नका, एवढं पथ्य पुरे. चेहरे, अंतरं, कोण उठलं, कोण बसून राहिलं, हे कुठल्याच भाषेत नसतं. ओझूंचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो आणि जवळजवळ हलतच नाही. जमिनीवर बसून जेवलेल्या, जमिनीवर बसून पाहुण्यांशी बोललेल्या आपल्या पिढीला ती उंची अंगवळणी आहे, त्यासाठी जपानी यायला नको. मात्र त्या समाजाची थोडी पायाभूत माहिती करून घ्या. नोरिकोचा नवरा युद्धात गेलाय, आणि सिनेमा युद्ध संपल्यावर आठ वर्षांनी आलाय. सासू-सासरे तिला पुन्हा लग्न कर म्हणून सांगतात त्या बोलण्याचं वजन यावरून कळतं. माहिती परीक्षणात ओतू नका, तुमच्या नजरेखाली असू द्या.

'आपल्याकडेही असंच असतं' हे वाक्य तुमच्या दोन्ही लेखांत आलंय. टाळा. तेहरान म्हणजे सांगली नव्हे. तुलना करायचीच तर सिनेमाशी सिनेमाची करा. 'अ सेपरेशन'च्या शेजारी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' ठेवा. तिथंही स्मृती हरवलेले वडील आहेत, संस्कृतचे मोठे पंडित, आणि त्यांना सांभाळताना मेटाकुटीला आलेली मुलगी इरा. वडील रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताची बायको चन्नम्मा, म्हणजे अमृता सुभाष, त्यांना लेकरासारखं सांभाळते. तेहरानमध्ये बाहेरून आलेली बाई आणि म्हातारा यांच्यामध्ये धर्म, नवरा, कायदा सगळं उभं राहतं, तर पुण्यातल्या गोष्टीत ती बाई थेट आईच होऊन जाते. कुठला सिनेमा जास्त खरा? मला 'अस्तु'चा तो भाग थोडा जास्त गोड वाटतो आणि तरी मी दर वेळी त्याला शरण जाते. यावर तुमचं मत काय ते वाचायला मला आवडेल.

घरातल्या भानगडीबद्दल तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण पत्राचा निम्मा जीव तिथंच अडकलाय. मुलाला ओझूंवर व्याख्यान देऊ नका, आणि 'मी सिनेमाबद्दलच लिहिलं होतं' असंही सांगू नका, ते खरं नाही. फोन सुनेला करा. सिनेमाचा विषय काढू नका. तिच्या कामाचं विचारा, तिकडच्या थंडीचं विचारा, आणि ग्रुपवर टाकलं ते चुकलं एवढं साधं बोलून टाका. इथून पुढे परीक्षणं घरच्या ग्रुपवर टाकायची नाहीत. साप्ताहिकाला वाचक आहेत, ते पुरेत. सौ.चं 'बंद करा' मात्र ऐकू नका. त्याऐवजी त्यांना शेजारी बसवून सिनेमा दाखवा आणि उशीच्या दृश्यावर त्या काय म्हणतात ते ऐका. छापण्यासारखं असेल.

आणि पुढचं परीक्षण 'पास्ट लाइव्हज'वर लिहा. सेलीन साँग यांचा हा पहिलाच सिनेमा, 2023चा. यात तुम्हाला जाणाऱ्याच्या बाजूला बसावं लागेल. नोरा बारा वर्षांची असताना आई-वडिलांबरोबर सोल सोडून टोरंटोला जाते, मोठी झाल्यावर न्यूयॉर्कला येते, लग्न करते, आणि शाळेतला मित्र इतक्या वर्षांनी तिला भेटायला येतो. सुरुवातच अशी आहे: बारमध्ये तिघं बसलेत, नोरा, तिचा मित्र आणि तिचा नवरा, आणि कुणीतरी अनोळखी माणसं लांबून तर्क करताहेत की या तिघांचं एकमेकांशी नातं काय असेल. आपण परीक्षण लिहिणारे म्हणजे तीच लांबून बघणारी माणसं. यात कुणी कुणाला फसवत नाही, नवरा समजूतदार आहे, मित्र सभ्य आहे, आणि तरी देश सोडताना मागे राहिलेल्या एका मुलीसाठी रडायला येतं. जो गेला त्याचंही मागे काहीतरी सुटतं, हे मुलाला फोनवर सांगण्यापेक्षा या सिनेमावर आठशे शब्द नीट लिहिणं तुम्हाला सोपं जाईल असं वाटतं. वयाचं मात्र भान ठेवा. रिचर्ड लिंकलेटर यांनी 1995, 2004 आणि 2013 असे नऊ-नऊ वर्षांच्या अंतरानं त्याच दोन कलाकारांना घेऊन एकाच जोडप्याचे तीन सिनेमे केले. पहिला बघून हळहळणारी तरुण मुलं तिसरा बघताना भांडणात बाजू घेतात, आणि पाच वर्षांनी पाहिला तर बाजू बदलतात. साठीतल्या माणसाला तिशीतली नोरा थंड वाटेल. तसं वाटलं तर लिहा, पण वय सांगून लिहा.

राहिला तो ओळखीचा मुलगा. दोन रस्ते आहेत. परीक्षण दुसऱ्या कुणाला करायला सांगा आणि त्याला तसं स्पष्ट कळवा, हा पहिला. किंवा स्वतः लिहा, पण पहिल्याच परिच्छेदात 'दिग्दर्शक माझ्या परिचयाचे आहेत' हे येऊ द्या. मधला रस्ता, म्हणजे 'प्रामाणिक प्रयत्न', 'नवोदितांचं कौतुक करायला हवं', 'एकदा पाहायला हरकत नाही', हा बंद समजा. ही वाक्यं वाचून वाचक सिनेमाला जात नाही हे त्या मुलालाही माहीत असतं. मराठी आहे, छोटा आहे, म्हणून सवलत देणं हा तर अपमान आहे. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला 2014 साली बर्लिनमध्ये क्रिस्टल बेअर मिळालं, रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'नं 2025 साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक घेतलं. एकात वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे कोकणात येतो, दुसऱ्यात मुंबईचा माणूस वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. विषय तुमच्या ओळखीच्या या मुलाच्या सिनेमाइतकेच घरगुती. सवलत कुणी मागितली नव्हती.

सिनेमा जमला नसेल तर कुठे जमला नाही ते दृश्याचं नाव घेऊन लिहा. पटकथेनं नवरा-बायकोला भांडायला लावलं पण भांडणाचं कारण आपल्याला आधी दिसलंच नाही, आवाज नीट मुद्रित झाला नाही म्हणून महत्त्वाचं वाक्य निसटलं, असं काहीतरी पकडता येण्यासारखं. आणि जमलेलं एक तरी दृश्य असेल. पदरचे पैसे घालून केलेल्या सिनेमात बहुधा असतंच, कारण त्या एका दृश्यासाठीच माणूस पैसे घालतो. ते शोधा आणि त्याला जागा द्या. वेळेचंही बघा. छोट्या मराठी सिनेमाला सकाळचा नाहीतर भलत्याच वेळेचा एखादा खेळ मिळतो आणि आठवड्यात तो उतरतो. परीक्षण पुढच्या पंधरवड्यात छापलंत तर तुम्ही बरं लिहा की वाईट, त्याला काडीचा उपयोग नाही. संपादकांना सांगून अंक पुढे-मागे करून घ्या.

आणि पहिल्या खेळाला गेलात, तर बाहेर पडताना तो दारात उभा असेल. पेढा घ्या, खांद्यावर हात ठेवा, पण "कसा वाटला?" याला तिथं उत्तर देऊ नका. "लिहितोय, शुक्रवारी वाच," म्हणा आणि घरी या.